आगरात गव्हाणी घुबडासाठी पेटी लावायची आहे, गावातली मुलं सोबत आहेत. सुरुवात कुठून करू?

पोफळीची सावली (आंजर्ले)

नमस्कार मंडळी. मी दापोलीच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या आमच्या गटाची जबाबदारी यंदा माझ्याकडे आलीय. दरवर्षी आम्ही वनराई बंधारा घालतो, किनाऱ्यावरचं प्लास्टिक गोळा करतो, आणि ती कामं हवीतच. पण यंदा मी सरांकडून एक जास्तीचं काम मागून घेतलंय. आमच्या गावात पक्ष्यांना घरटं करता येईल अशी जागा बांधून द्यायची. कॉलेजची मुलं आहेतच, शिवाय हायस्कूलची आठवी-नववीची पोरं वाटेत अडवून विचारतात, "ताई, कधी सुरू करायचं?"

कारण सांगते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि आमचाही पट्टा झोडपून गेलं. घरामागच्या आगरातल्या पोफळी एकावर एक आडव्या पडल्या होत्या. पाटाच्या कडेला जुना रायवळ आंबा होता, दोघांनी कवळ घातली तरी पुरायची नाही एवढा. तो मुळासकट उपटला. त्याच्या ढोलीत गव्हाणी घुबडं असायची. तिन्हीसांजेला त्यातलं एक फांदीवर येऊन बसायचं. पत्त्यातल्या बदामासारखा पांढरा चेहरा, काळे डोळे. थोडा वेळ मान इकडेतिकडे करायचं आणि पंखांचा जराही आवाज न करता आगरावरून निघून जायचं. लहानपणी मी ते बघायला पडवीत बसून राहायची.

आगर आम्ही पुन्हा लावलं. नव्या पोफळी आता कुठे धरायला लागल्यात. पण रोपाला ढोली नसते, त्याला झाडाचं वय व्हावं लागतं. आणि इकडे उंदरांनी नकोसं केलंय. सकाळी माडाखाली गेलं की कोवळे नारळ पडलेले असतात, प्रत्येकाला देठाजवळ गोल भोक, आतलं सगळं खाल्लेलं. बाबा दुकानातून उंदीर मारायच्या विषारी वड्या आणून शेंड्यात ठेवायला लावतात.

तर माझे प्रश्न. पेटी केवढी करायची, कुठे लावायची? लाकूड कुठलं टिकेल आपल्या पावसात? एका मैत्रिणीचं म्हणणं, चिमण्यांची घरटी करू, सोपी पडतील. सर म्हणाले, समुद्री गरुडासाठी उंच मचाण बांधू, खाडीवर जोडी दिसते. आणि आजी म्हणते, "घुबडाला घराजवळ बोलावतेस? डोकं ठिकाणावर आहे ना?" आजीला मी उलट बोलणार नाही, पण तिला काय सांगू तेही कळत नाही. अनुभवी लोकांनी मार्ग दाखवावा.


रानवाट (गुहागर)

ताई, फार चांगलं काम मनात घेतलंयस. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो, मुलांना घेऊन पक्षी बघायला जातो, म्हणून जरा मोकळेपणाने लिहितो.

आधी गरुडाचं. समुद्री गरुडाला आपल्या किनाऱ्यावर मचाणाची गरज नाही, त्याला उंच झाड हवं. आंबा, सुरू, असं काहीतरी समुद्राकडे नजर जाईल असं. एकदा घरटं केलं की त्याच घरट्यावर काटक्या चढवत तो वर्षानुवर्षं तिथेच येतो. म्हणजे त्याच्यासाठी करण्यासारखं काम एकच, ते झाड तुटू न देणं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने किनाऱ्यावरच्या या घरट्यांच्या नोंदी घेतल्या आहेत. तुमच्या खाडीवरचं झाड कुणाच्या मालकीचं आहे ते शोधा आणि त्या घरी जाऊन चहा प्या. चिमणीच्या घरट्यांना माझी हरकत नाही, पण तू जे लिहिलंयस त्यात घुबडाची जागा गेलीय आणि उंदीर वाढलेत. तुझं उत्तर तुझ्याच प्रश्नात आहे.

आता गव्हाणी घुबड. पेटीला हात लावण्याआधी गावात घुबडं अजून आहेत का, ते बघा. जुनी शाळा, भाताची गिरण, देवळाचा सभामंडप, कुलूप लावलेली घरं, यांच्या भिंतीवर चुन्यासारखे पांढरे ओघळ आणि खाली काळपट गोळ्या दिसतात का? घुबड उंदीर अख्खा गिळतं, आणि न पचलेली हाडं-केस गोळी करून तोंडावाटे टाकतं. त्या गोळ्या गोळा करा. हे मुलांचं पहिलं काम, आणि माझ्या मते सगळ्यात चांगलं.

गोळी ताजी असली तर चकाकते, वाळली की राखाडी पडते. ती थाळीत कोमट पाण्यात भिजवायची, हातमोजे घालून, आणि दोन काड्यांनी हळूहळू उलगडायची. वरचा थर नुसत्या केसांचा असतो, भिजलेल्या लोकरीगत. मग एकेक हाड सुटायला लागतं. बरगडीचं हाड केसाएवढं बारीक. आणि मग कवटी येते. पुढचे दात छिन्नीसारखे, नारिंगी-पिवळे असले तर तो उंदीर. दात पांढरे, टोकदार, ओळीने सुईसारखे असले तर ती चिचुंद्री. नववीच्या मुलांसमोर एकेका गोळीतून अशा कवट्या निघायला लागल्या की वर्गात कुणी बोलत नाही. सगळ्या कवट्या काळ्या कागदावर डिंकाने चिकटवा, खाली तारीख आणि जागा लिहा. तो कागद घेऊन घरोघरी जा. शेतकऱ्याला घुबडाचं महत्त्व भाषणाने पटत नाही. हा कागद बघून तो स्वतःच विचारतो, "हे सगळं आमच्याच आगरातलं?"

आजीलाही तोच कागद दाखव. तिला खोटं ठरवायला जाऊ नकोस. "आजी, आपल्या नारळांचं कोण राखण करतं बघ" एवढंच म्हण. पुरंदर तालुक्यात पिंगोरीला इला फाउंडेशनने २०१८ मध्ये घुबडांचा महोत्सव सुरू केला. तिथे शाळकरी मुलांनी काढलेली घुबडांची चित्रं लावतात, गावकरी बघायला येतात. भीती कमी व्हायला अशी ओळख लागते.

आता जरा कडक बोलतो, राग मानू नकोस. बाबांच्या वड्या थांबत नसतील तर पेटी लावू नका. त्या वड्यांत बहुतेक ब्रोमाडिओलोन नावाचं विष असतं. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. दोन-चार दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो, आणि असाच उंदीर घुबडाला सहज सापडतो. विष उंदराच्या पोटातून घुबडाच्या पोटात जातं, यकृतात साठत राहतं. आपण पेटी लावून घुबडाला बोलवायचं आणि शेजारी विष ठेवायचं, हे काही बरोबर नाही. त्याऐवजी माडाच्या खोडाला माणसाच्या उंचीच्या वर गुळगुळीत पत्र्याचा पट्टा गुंडाळा. उंदराची नखं पत्र्यावर ठरत नाहीत. शेजारच्या झाडाच्या झावळ्या त्या माडाला टेकत असतील तर मात्र उपयोग नाही, उंदीर वरून येतो. पेटीच्या आसपासच्या दहा-पंधरा आगरांनी विष बंद करायचं कबूल केलं, की निम्मं काम झालं समजा.

आणखी एक. घुबडाची जागा फोटोसकट कुठेही टाकू नका. दिवाळीच्या सुमारास करणी-उताऱ्यासाठी घुबडं पकडून विकतात. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ट्रॅफिक संस्थेने २०१० मध्ये घुबडांच्या या व्यापाराचा अहवालच काढला होता. मुलांकडून हे पहिल्याच दिवशी कबूल करून घे.


फणसाची फळी (केळशी)

बाय, मी सुतार. मास्तरांनी पक्ष्याचं सांगितलं, मी लाकडाचं सांगतो.

पेटी बाहेर झाडावर लावायचा विचार असेल तर सोड. आपला पाऊस तिरका येतो, नैऋत्येकडून. नवी पेटी आषाढात भिजून फुगते, श्रावणात बुरशी धरते. शिवाय झाडावर वानरं येतात, लाल मुंग्या येतात, धामण चढते, आणि मधमाशांना तर अशी आयती जागा फार आवडते. माडाला तर खिळा मारूच नको. माडाचं खोड जखम भरून काढत नाही, आणि नारळ काढायला येणाऱ्याच्या पायाला लागला तर? पेटी छपराखाली लाव. गोठ्याचा माळा, खळ्यावरची शेड, बंद घराचा माळा. आत पेटी आणि भिंतीला बाहेर यायला भोक, असं केलंस तर पेटीला पाऊसच लागत नाही आणि साधं लाकूड पण वीस वर्षं जातं.

माप लिहून घे. तळ दोन फूट बाय दीड फूट. उंची दोन फूट. भोक सहा इंच बाय सहा इंच, आणि हे महत्त्वाचं, भोकाची खालची कड तळापासून दीड फूट वर. लोक भोक खाली ठेवतात, मग पिल्लू चालायला लागलं की बाहेर येऊन पडतं. घुबडाचं पिल्लू जमिनीवर पडलं की आई त्याला खाली भरवत नाही सहसा, आणि मांजर-कुत्रा आहेच. भोकाच्या बाहेर फूटभर लांबीची फळी ठेव, कडेला पट्टी मारून. पिल्लं त्यावर येऊन पंख हलवून बघतात. आतल्या फळीला रंधा मारू नको. खरखरीत ठेव, नाहीतर आडव्या पट्ट्या मार, चढायला नख लागलं पाहिजे. तळाच्या चार कोपऱ्यांना पेन जाईल एवढी भोकं. मागच्या बाजूला बिजागरीचं दार, साफ करायला. घुबड काटक्या आणत नाही, तेव्हा तळाला रंध्याची सुकी सालपटं दोन बोटं जाडीची पसर. बारीक भुसा नको, तो नाकात जातो.

लाकूड विकत घेऊ नको. गावोगाव जुनी घरं उतरवतात, फणसाच्या, ऐनाच्या, किंजळीच्या फळ्या बाजूला पडलेल्या असतात, लोक जाळतात. जरा विचारलं तर कुणीही देईल. खिळे साधे घेतलेस तर खाऱ्या हवेने दोन पावसाळ्यांत गंजून भुगा होतात. स्टेनलेस स्टीलचे स्क्रूच घे, खर्च करायचा तो तिथे. बाहेरून काजूच्या टरफलाचं तेल लावलंस तर वाळवी धरत नाही. पण ते तेल पोरांच्या हातात देऊ नको, कातडी भाजते. मोठ्या माणसाने मोजे घालून लावायचं, फक्त बाहेरून, आणि वास जाईपर्यंत पेटी उन्हात ठेवायची. आतून काहीच नाही, रंग नाही, पॉलिश नाही.

पोरांकडून काय करून घ्यायचं ते पण सांगतो. माप घेणं, खूण करणं, पॉलिश पेपर, स्क्रू पिळणं, हे आठवीचा पोरगा करतो आणि मनापासून करतो. करवत मोठ्यांच्या नजरेखाली. विजेचं कटर पोरांना नको म्हणजे नको. पहिली पेटी पुठ्ठ्याची करायला लाव, खऱ्या मापाची. ती माळ्यावर नेऊन बघा, दारातून जाते का, तुळईवर बसते का. लाकूड कापल्यावर कळण्यापेक्षा पुठ्ठ्यात कळलेलं बरं.


डोंबिवलीचा केळशीकर

मी एरवी इथे फक्त वाचतो, पण बंद घराचा विषय निघाला म्हणून लिहितोय. आमचं घर केळशीला आहे, वर्षातून गणपतीला आणि शिमग्याला उघडतं. गेल्या गणपतीत दार उघडलं तर माळ्यावरून कुणीतरी सापासारखं फुसफुसत होतं. बायको घाबरली, भाऊ काठी घेऊन आला. बॅटरी मारली तर कोपऱ्यात तीन पिल्लं, एक मोठं, एक मधलं, एक नुसता कापसाचा गोळा. तिघं आमच्याकडे बघून डुलतायत. शेजारच्यांनी सांगितलं, झाडूने खाली लोटा, घरात गणपती बसायचाय. मला ते जमलं नाही. आम्ही माळ्याचं दार बंद केलं आणि गणपती बसवला. रात्री आरती झाली की वर फुसफूस चालू, पण सण व्यवस्थित पार पडला.

माझी अडचण खरी आहे. वास येतो. माळ्याच्या फळ्यांवर घाण साठलीय आणि खाली आईवडिलांची खोली आहे. पक्ष्यांना हाकलायचं मनात नाही, पण घरही राखायला हवं. पेटी लावली तर घाण पेटीतच राहील का? तसं असेल तर आमचं घर घ्या. किल्ली शेजारी आहे.


रानवाट (गुहागर)

केळशीकर, तुम्ही दार बंद केलंत हे फार मोठं काम झालं. पिल्लं लहानमोठी दिसली त्याचंही कारण आहे. मादी दोन-तीन दिवसांच्या अंतराने अंडी घालते आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते, म्हणून पिल्लंही एकामागून एक निघतात. अंडं उबायला महिनाभर लागतो, पिल्लू उडायला साधारण दोन महिने. म्हणजे तुमच्या गणपतीच्या आधीपासून त्यांचा संसार चालू होता. आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं हेसुद्धा शिकारीच्या व्याख्येत धरलंय, ते शेजाऱ्यांना जरूर सांगा.

घाणीचं म्हणाल तर पेटीने बरीच आटोक्यात येते, सगळी नाही. मोठी पिल्लं बाहेरच्या फळीवर बसतात, तिथून पडतेच. पेटीखाली जाड ताडपत्री अंथरा, कडा दुमडून. पिल्लं उडून गेल्यावर, पेटी रिकामी असल्याची खात्री करून, वर्षातून एकदा साफ करा. तोंडाला मास्क बांधून आणि आधी पाणी शिंपडून, म्हणजे धूळ उडत नाही. आत्ता वर कुणी असेल तर काहीही हलवू नका.


पोफळीची सावली (आंजर्ले)

सगळ्यांचे खूप खूप आभार. काल रात्री सगळं वाचून काढलं आणि सकाळी बाबांसमोर बसले. विषाचं ऐकून ते गप्प झाले. मग म्हणाले, आपल्या माडांपुरतं बंद करतो, पत्र्याचं बघू, पण शेजारच्यांचं मी कसं सांगू? ते खरंच आहे. म्हणून ठरवलंय की आधी गोळ्या शोधायच्या. शाळेच्या जुन्या इमारतीच्या मागे पांढरे ओघळ आहेत हे एका नववीतल्या पोरीला आधीच माहीत होतं, तिने मला नेऊन दाखवले. ती आता त्या गटाची प्रमुख.

वेळासला आणि आमच्याकडे कासवांची घरटी राखतात ते मी लहानपणापासून बघतेय. वेळासला २००२ च्या सुमारास काम सुरू झालं तेव्हा अंडी गोळा करून नेणं ही साधी गोष्ट होती, आज तीच माणसं पाहुण्यांना पिल्लं समुद्रात जाताना दाखवतात. गाव बदलतं यावर माझा विश्वास तिथून आहे. विषाचं आमच्या ग्रामसभेत मांडणार आहे, जैवविविधता समितीच्या लोकांना आधी भेटून. दापोलीच्या वनखात्याच्या कार्यालयातही लेखी कळवून ठेवते.

केळशीकर काका, तुमच्या घरासाठी मनापासून आभार. तुम्ही गणपतीला याल तेव्हा आम्ही भेटायला येतो, तुमच्यासमोरच माळा बघू. शेजारी बाकीची बंद घरं आहेत त्यांचे मालकही तेव्हाच गावात असतील, सगळ्यांना एकदम भेटता येईल. पेट्या पाऊस संपल्यावर, नोव्हेंबरच्या आत लावू. सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर असतं, त्याची वाट बघत नाही, शिबिरात फक्त पाहणी आणि घरभेटी ठेवते.

एकच शंका राहिली. पेटी लावली आणि कुणी आलंच नाही तर मुलांचा उत्साह कसा टिकवू?


रानवाट (गुहागर)

पहिल्या वर्षी पेटी रिकामी राहणं अगदी नेहमीचं आहे. मुलांना ते आत्ताच सांगून टाक, मग निराशा होत नाही. काढू नका, हलवू नका. दर महिन्याला ठरलेल्या संध्याकाळी खालून अर्धा तास ऐकायचं, ओघळ आणि गोळ्या बघायच्या, वहीत लिहायचं. वर चढून डोकावायचं नाही. मादी अंड्यावर असताना हलली तर परत येईलच असं नाही. आणि नोंद फक्त पेटीची ठेवू नका. प्रत्येक आगरात आठवड्याला भोक पडलेले नारळ किती पडले ते मोजा, पत्रा लावलेल्या माडाखाली आणि न लावलेल्या माडाखाली वेगवेगळे. घुबड येवो न येवो, ती वही शेतकऱ्याच्या कामाची आहे. मुलांनाही दर आठवड्याला हातात काहीतरी लागतं.


फणसाची फळी (केळशी)

बाय, केळशीला येशील तेव्हा माझ्याकडे ये. शिडी माझी घ्या, बांबूची नको, जुन्या तुळईला टेकवली की सरकते. आणि कुणी फळ्या दिल्या की लगेच उचलून आणू नको. वाळवी लागलेली फळी वरून धड दिसते. नख दाबून बघ, आत गेलं तर ती चुलीत. खात्री नसेल तर फोटो इथे टाक, मी बघून सांगतो.